पूलच्या टेबलावर स्नूकरचा क्यू

स्नूकरच्या क्यूने पूल खेळलं तर चालतं का, हे मला पूल पार्लरमध्ये बरेच जण विचारतात. चालतं. मी स्वतः कितीतरी दिवस तेच करतोय आणि पूलसाठी वेगळा क्यू घ्यायचा विचार आता सोडून दिलाय. पण नुसतं ‘चालतं’ एवढ्यावर थांबता येत नाही. काही जण ‘क्यू (म्हणजे खेळायची काठी) खराब होईल’ म्हणून घाबरवतात, काही जण ‘काठी ती काठी, काय फरक पडतो’ म्हणून उडवून लावतात. दोन्ही खरं नाही. फरक पडतो, आणि तो नेमका कुठे पडतो हे कळलं की क्यू खराबही होत नाही.

मी आधी स्नूकर शिकलो. ज्या हॉलमध्ये शिकलो तिथल्या मालकांनी पुढे मोठी टेबलं काढून पूलची मांडली. त्यांचाही इलाज नव्हता. बारा बाय सहाचं टेबल ठेवायचं तर चारही बाजूंनी क्यू मागे न्यायला जागा धरून साधारण २२ बाय १६ फुटांची खोली लागते. तेवढ्यात पूलची लहान टेबलं दोन बसतात, आणि नवीन येणारी पोरं पूलच मागतात. कंपनी सुटल्यावर स्नूकरसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणं मला रोज जमणारं नव्हतं. नाशकात मायको सर्कलवरून घरी जाताना वाटेत जे पार्लर होतं तिथे पूलच होता. टेबल बदललं, हातातला क्यू मात्र मी बदलला नाही. त्याच्यावर माझा जीव आहे.

क्यू अ‍ॅशचा आहे. साडेसत्तावन्न इंची, थ्री-क्वार्टर जॉइंट (म्हणजे जोड मधोमध नाही, मागच्या बाजूला), मागचा भाग एबनीचा, पुढे टोकाला पितळेचं फेरूल, म्हणजे टोपी, आणि तिच्यावर साडेनऊ मिलिमीटरची चामड्याची टिप. अ‍ॅशच्या लाकडात बाणाच्या टोकासारख्या रेषा असतात, त्या वरच्या बाजूला ठेवून क्यू धरायचा ही स्नूकरवाल्यांची जुनी सवय. पूलचा क्यू बहुतेक मेपलचा असतो. टिप पावणेतेरा-तेरा मिलिमीटरची, फेरूल फायबरचं आणि वजन एकोणीस-वीस औंस. माझा अठराच्याही आतला. स्नूकर १८७५ साली जबलपूरला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झाला आणि इंग्लंडमध्ये वाढला, आजचा पूल अमेरिकेत घडला. दोन खेळांची हत्यारं दोन वेगळ्या घरांत वाढली आहेत.

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पार्लरमधल्या मार्करकाकांना (मार्कर म्हणजे टेबलं सांभाळणारा माणूस) विचारून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन गेलो. काका चाळीस वर्षं टेबलांवर घालवलेला माणूस. त्यांनी एका शब्दानेही हटकलं नाही, उलट कपाटातून स्नूकरचा एक जुना गुलाबी बॉल काढून दिला. तो भरला ५२.५ मिलिमीटरला जरासा कमी. पूलचा ५७.१५ असायला हवा, तिथला ५७.१ निघाला. साडेचार मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण व्यास थोडा वाढला की वजन चांगलंच वाढतं. स्नूकरचा बॉल १४० ग्रॅमच्या आसपास असतो, पूलचा नियमाप्रमाणे १५६ ते १७० ग्रॅम. बारीक टिपेला हे जास्तीचं वजन दर शॉटला ढकलायचं असतं.

ते जास्तीचं वजन हाताला पहिल्याच संध्याकाळी कळलं. स्नूकरमध्ये बॉल टिपेवरून सुटतो तेव्हा एक बारीक, कोरडा टक् येतो. इथे आवाज जाड होता आणि त्यानंतर क्षणभर क्यू हातात थरथरायचा. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात मारलेल्या शॉटला तर जास्तच. काका म्हणाले, “जोर कमी कर. टेबल नऊ फुटी आहे, बारा नाही. तू अजून बाराचं मारतोयस.” हे अगदी खरं होतं. स्नूकरमधला मधला जोर पूलच्या टेबलावर भरपूर होतो. जोर उतरवल्यावर थरथर जवळपास गेली.

वजनापेक्षा जास्त त्रास दिला उंचीने, आणि ही गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. बॉल मोठा झाला की त्याचा मध्यही वर जातो. स्नूकरच्या बॉलचा मध्य कापडापासून २६ मिलिमीटरवर, पूलच्या बॉलचा साडेअठ्ठावीसच्या वर. माझा हात त्या सव्वीसला सरावलेला. मध्यावर मारतोय असं पक्कं वाटत असताना टिप सव्वादोन मिलिमीटर खाली लागत होती. लांबचा शॉट असला तर कापडावर घासत जाता जाता तो स्क्रू, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, संपून जायचा, कळायचंही नाही. पण जवळच्या शॉटला पांढरा (ज्याला क्यूने मारतात तो बॉल) जिथे वीतभर पुढे जायला हवा तिथे जागीच थांबायचा, कधी उलटा मागे यायचा. पॉट होतोय, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये जातोय, आणि पुढच्या शॉटसाठी पांढऱ्याची पोझिशन मिळत नाही, असं सारखं व्हायला लागलं की माणूस क्यूला दोष देतो. क्यूचा त्यात काही संबंध नव्हता.

यावर काकांनी जो उपाय सांगितला तो मी प्रत्येकाला सांगतो. नऊ नंबरचा पिवळ्या पट्ट्याचा बॉल घ्यायचा आणि पट्टा बरोबर आडवा, कापडाला समांतर राहील असा ठेवायचा. आता तोच पांढरा समजून रिकाम्या टेबलावर मारायचा. टिपेला चॉक ताजा लावलेला हवा. बॉल थांबला की उचलून बघायचं, चॉकचा निळा ठिपका पट्ट्यात कुठे उमटलाय. पट्ट्याची मधली रेघ म्हणजे बॉलचा मध्य, तिथे खोटं बोलायला वावच नाही. माझे ठिपके सगळे खालच्या कडेला, आणि थोडे उजवीकडे. वरखालीचं तर मला अपेक्षित होतं, उजवीकडचं मात्र नव्हतं. साडेनऊच्या टिपेचा ठिपका लहान आणि नेटका उमटतो. पार्लरमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेल्या तेरा मिलिमीटरच्या हाउस क्यूचा ठिपका बघितला तर पसरट, त्यातून नेमकं काही वाचता येत नाही. स्नूकरच्या क्यूने पूल खेळण्याचा पहिला खरा फायदा मला तिथे दिसला.

महिनाभर मी खेळण्याआधी हेच करत राहिलो. मग पुढचा हात टेबलावर ठेवतानाच अंगठा आपोआप किंचित वर यायला लागला. क्यूची पातळी दोन मिलिमीटर उचलायची म्हणजे प्रत्यक्षात अंगठ्याची एवढीशी हालचाल असते.

आता टिपेबद्दल. माझ्या क्यूला मऊ चामड्याची, स्नूकरवाले वापरतात तशी टिप होती. पूलच्या बॉलवर ती लवकर बसली. बसली म्हणजे चपटी झाली आणि फेरूलच्या कडेच्या बाहेर आली. फेरूलवरून नख वर नेलं की टिपेच्या कडेला अडकायचं. स्नूकरमध्ये ही वेळ यायला जितके दिवस लागायचे त्यापेक्षा फार लवकर आली. बाहेर आलेली कड साइड मारताना (म्हणजे बॉलच्या उजव्या-डाव्या अंगाला मारून फिरकी देताना) दगा देते, म्हणून काकांकडे गेलो.

काकांचं काम बघत राहावं असं. जुनी टिप ब्लेडने एका फटक्यात उडवली. पितळेवरचा जुना गोंद चाकूने न खरवडता, सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर फेरूल उभं धरून गोल फिरवत काढला, म्हणजे तोंड वाकडं होत नाही. नव्या टिपेचा तळही तसाच घासला. गोंदाचा थेंब टाकून टिप बसवली, बोटाने दाबून धरली, तोवर गप्पा बंद. मग क्यू उलटा करून टिप पाटावर टेकवली आणि ब्लेड फेरूलला लावून कड उतरवत गेले. चामड्याच्या पातळ चकत्या पडत होत्या आणि पितळेला एक ओरखडाही नाही. शेवटी ओल्या बोटाने कड भिजवून कागदाच्या पाठीने चोळली, ती काळी चकचकीत झाली. वरची गोलाई त्यांनी एक रुपयाच्या लहान नाण्याच्या कडेशी लावून बघितली. “तुला थरांची टिप दिलीय, मध्यम कडक,” म्हणाले. “फार कडक देणार नाही. चॉक धरत नाही ती, आणि तुझ्या लाकडाला सगळा झटका जाईल.” थरांची म्हणजे चामड्याचे पातळ पदर एकावर एक चिकटवून केलेली. तेव्हापासून मी तीच लावतो आणि तिची कड महिन्या-दोन महिन्यांनी तपासतो.

त्याच वेळी काकांनी ब्रेकचा, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या शॉटचा, विषय काढला. कपाटामागून एक क्यू काढून दाखवला. कुणीतरी सोडून दिलेला, माझ्यासारखाच अ‍ॅशचा. फेरूलच्या मागे लाकडाला दोन इंच उभी चीर. त्याने रोज ब्रेक मारले होते. “पितळ टिकतं रे, पितळाला काही होत नाही. मागचं लाकूड नऊ-दहा मिलिमीटरचं आहे, त्याने किती सोसायचं?” स्नूकरचा ब्रेक आणि पूलचा ब्रेक यांत नावापलीकडे काही सारखं नाही. स्नूकरमध्ये लाल बॉलांच्या ढिगाला कडेने हलकेच चाटून पांढरा परत बल्कमध्ये, म्हणजे टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाला, आणायचा असतो. पूलमध्ये एट-बॉल या प्रकाराचा रॅक म्हणजे पंधरा बॉल, जवळजवळ अडीच किलोचा घट्ट गठ्ठा, आणि तो अंगातल्या सगळ्या जोराने फोडायचा. माझा नियम पक्का आहे: ब्रेक हाउस क्यूने. पूलच्या नियमांत खेळता खेळता क्यू बदलायला बंदी नाही. मोठमोठे खेळाडू ब्रेकसाठी वेगळा क्यू बाळगतातच, त्यांच्या ब्रेक क्यूला बऱ्याचदा चामड्याऐवजी फिनॉलिकची, म्हणजे प्लास्टिकसारखी कडक, टिप असते. बॉल उडवून दुसऱ्या बॉलवरून न्यायचा असेल तेव्हाही मी माझा क्यू भिंतीला लावून ठेवतो.

साइड मारताना मात्र मला सुखद धक्का बसला. पांढऱ्याच्या उजव्या अंगाला मारलं की तो सुटताना थोडा डावीकडे ढळतो, आणि डाव्या अंगाला मारलं की उजवीकडे. हे सगळ्याच क्यूंनी होतं. किती ढळणार हे क्यूच्या पुढच्या टोकाचं वस्तुमान बॉलच्या मानाने किती आहे यावर ठरतं. टोक जाड आणि जड असलं की बॉल जास्त ढळतो. पूलच्या महागड्या क्यूंमध्ये पुढचा भाग आतून पोकळ करतात किंवा कार्बन फायबरचा घेतात, तो एवढ्याचसाठी. स्नूकरचा क्यू मुळातच टोकाला बारीक, आणि समोरचा बॉल स्नूकरच्या बॉलपेक्षा जड. त्यामुळे हाउस क्यूने साइड मारताना जेवढं बाजूला धरून मारावं लागतं तेवढं मला लागत नाही. पितळेचं फेरूल फायबरपेक्षा जड आहे, म्हणून फायदा पूर्ण मिळत नाही, पण मिळतो. लांबच्या शॉटला साइड लावायची हिंमत मला स्नूकरमध्ये कधी झाली नव्हती, ती इथे झाली.

माझा आतेभाऊ पिंपळगाव बसवंतचा, कॉलेजसाठी नाशकात राहतो. तो थेट पूलवरच तयार झालेला. पहिल्यांदा माझा क्यू बघून म्हणाला, “दादा, ही काडी मोडेल एक दिवस.” त्याला खेळून बघ म्हटलं. त्याने पूलवाल्यांच्या पद्धतीने तर्जनीचा वेढा करून त्यात क्यू धरला आणि पाच मिनिटांत वैतागला. कारण साधं आहे. पूलच्या क्यूचा पुढचा दहा-बारा इंचांचा भाग जवळपास एकाच जाडीचा असतो, म्हणून बोटांच्या वेढ्यातून तो गुळगुळीत मागेपुढे होतो. स्नूकरचा क्यू टोकापासून मागे सलग जाड होत जातो. पुढे ढकलला की वेढा घट्ट होत जातो. या क्यूला पंजा उघडा ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या खाचेत धरणंच बरोबर. पूलमध्ये खूप जोराचा स्क्रू मारताना वेढ्याची पकड बरी पडते, एवढं मी मान्य करतो. तेवढ्या शॉटला मी उघड्या हातानेच, जरा कमी जोर लावून काम भागवतो.

आणि मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरणं, त्याचे बरेच झाले. टिप बारीक म्हणून तसं होतं असं तो म्हणत होता, पण कारण वेगळं होतं. कुठलीही टिप बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून बाहेर गेली की घसरते. पूलच्या बॉलला ही हद्द मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरवर. जाड टिपेने मारताना आपण कडेला किती गेलो हे डोळ्याला कळत नाही आणि तिची गोलाई थोडी सांभाळून घेते. बारीक टिप जिथे रोखली तिथेच लागते. एकदा हे लक्षात आल्यावर तो पट्ट्याच्या बॉलवर माझ्यापेक्षा लवकर शिकला. आता पांढरा कुशनला (टेबलाच्या कडेच्या रबराला) चिकटलेला असला किंवा दुसऱ्या बॉलच्या मागे अडकला असला की हात पुढे करतो, “दादा, दे तुझा.” तिथे बारीक टोकाला तोड नाही. बॉलचा जो थोडासा भाग उघडा असतो तेवढ्यावर साडेनऊची टिप बसते, तेराची बसवताना मागून क्यू उचलावा लागतो.

टेबलाची उंची ही दुसरी गोष्ट, क्यूशी थेट संबंध नसलेली, पण स्नूकरवरून येणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी. स्नूकरचं टेबल साधारण ३४ इंच उंच, पूलचं ३० च्या आसपास. स्नूकरच्या पद्धतीने हनुवटी क्यूला टेकवून उभं राहायचं तर कंबर जास्त वाकते. तासाभराने पाठ बोलायला लागते. मी पाय जरा जास्त फाकवून पुढचा गुडघा वाकवतो.

पॉकेटबद्दल एवढंच की ती मोठी दिसतात म्हणून सैल खेळू नये. कोपऱ्यातलं पूलचं पॉकेट दोन बॉल शेजारी शेजारी मावतील एवढं रुंद, पण त्याची तोंडं स्नूकरसारखी गोल नसून कोनात कापलेली असतात. कुशनला धरून जोरात आलेला बॉल तिथे दोन्ही टोकांना आपटून बाहेर येतो.

पावसाळ्यात आमच्या पार्लरचं कापड दमट होतं, बॉल जड चालतात. त्या दिवसांत मी अ‍ॅशचा दांडा खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसतो आणि क्यू केसमध्ये आडवा ठेवतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवत गेलेला क्यू वाकू शकतो. उन्हाळ्यात जवसाचं तेल अगदी थोडं चोळतो, अ‍ॅशच्या उघड्या रेषा त्याने बंद राहतात. पूलचा चॉक जास्त वापरला जातो, म्हणून फेरूलही वरचेवर पुसावं लागतं.

स्नूकरचे लोक पूलमध्ये येणं नवीन नाही. सहा वेळा जगज्जेता झालेला स्टीव्ह डेव्हिस मॉस्कोनी कपात (युरोप विरुद्ध अमेरिका अशी पूलची स्पर्धा) युरोपकडून वर्षानुवर्षं पूल खेळला. आणि दोन्हींच्या मधला एक खेळही आहे, चायनीज एट-बॉल, हल्ली त्याला हेबॉल म्हणतात. टेबल नऊ फुटी, बॉल पूलचे, पण पॉकेट आणि कापड स्नूकरच्या धर्तीचं. त्याचे क्यू स्नूकरच्या क्यूसारखेच पितळी फेरूलचे, टिप मात्र अकरा मिलिमीटरच्या आसपास. नवा क्यू घेऊन दोन्ही खेळ खेळायचे असतील तर दहा ते अकराच्या मधली टिप बघावी असं मी सांगतो. हातात आधीच साडेनऊचा असेल तर तो बदलायचं काही कारण नाही.

आतेभावाला आता स्वतःचा हवाय. वापरलेला चालेल म्हणतो, म्हणून काकांना सांगून ठेवलंय. परवा त्यांनी दोन आणून दाखवले. एक टेबलावर लोळवल्याबरोबर मधोमध उचलला गेला, तो तिथेच परत दिला. दुसरा सरळ होता, वजनही बेताचं, रेषा सुंदर, पण टिप साडेआठची. ती इंग्लिश पूलच्या दोन इंची लहान बॉलना ठीक, आमच्या बॉलना फार बारीक. तोही आम्ही सोडला. साडेनऊच्या खाली घ्यायचा नाही, दहाचा मिळाला तर उत्तम, आणि जॉइंट हलता कामा नये, एवढं ठरवून थांबलोय.